९८ की ७४? एका पिवळ्या पाटीचं गाऱ्हाणं

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी तरी पुरी वाचा.

१५ ऑक्टोबरला सकाळी मालवण जेटीवर उभा होतो. पर्यटक किल्ल्यात गेलेले, त्यांची होडी परत यायची वाट बघत होतो. मोबाइल वाजला. तुमच्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली, दंड २००० रुपये. तारीख बघितली तर ४ सप्टेंबर, म्हणजे ४१ दिवसांपूर्वीची. गौरी-गणपती आटोपून एका चाकरमानी कुटुंबाला पुण्याला सोडायला गेलो होतो, तो दिवस. जागा दुसऱ्या जिल्ह्यातल्या हायवेवरची. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. मर्यादा ८०, मोजलेला वेग ९८.

आता माझी गाडी बघा. पिवळी पाटी, एमएच-०७, सात सीटची. टॅक्सी म्हणून नोंदणी आहे, त्यामुळे तिला ८० वर अडकवणारा स्पीड गव्हर्नर आहे. कितीही पाय दाबा, काटा तिथेच घुटमळतो. पाठीमागून येणारे हॉर्न मारून मारून शिव्या घालतात, हा रोजचा अनुभव. दर वेळी फिटनेसला गाडी नेतो तेव्हा हा गव्हर्नर तपासला जातो आणि शिक्का मिळतो. म्हणजे एका सरकारी कागदावर लिहिलंय की ही गाडी ८० च्या वर जात नाही, आणि दुसऱ्या सरकारी कागदावर लिहिलंय की ती ९८ ने गेली. दोन्ही कागद माझ्याकडे आहेत, आणि पैसे मात्र मीच भरायचे.

फोन केला तर आमच्या स्टँडवरच्या एका ज्येष्ठाने सांगितलं, "भरून टाक मरे. कोर्टात जावन तुका काय मेळतला?"

त्यांचं चूक नाही. दोन हजारांसाठी दोन दिवस भाडं बुडवून परजिल्ह्यात कोण जाणार? आणि सगळा कारभार याच हिशेबावर चाललाय. दंडाची रक्कम अशी ठेवायची की भांडण्यापेक्षा भरणं स्वस्त पडेल. मग चलन खरं होतं की खोटं हे कधी तपासलंच जात नाही, आणि भरलेलं प्रत्येक चलन "गुन्हा मान्य" म्हणून जमा होतं.

मी भरलं नाही. कारण यावेळी माझ्याकडे नोंद होती.

२०१९ च्या १ जानेवारीपासून नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहनांना (रिक्षा, दुचाकी सोडून) जागेची नोंद ठेवणारा ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण सक्तीचं आहे. महिलांच्या सुरक्षेसाठी ही सक्ती झाली आणि ती योग्यच आहे. पण तो ट्रॅकर आम्ही आमच्या पैशाने घेतला, त्याचा वार्षिक रिचार्जही आम्हीच करतो. कुठला ट्रॅकर चालेल, तो काय काय नोंदवेल, हे सगळं सरकारने ठरवून दिलेलं. मी ज्याच्याकडून बसवला त्याच्याकडे ४ सप्टेंबरची नोंद मागितली. दर पाच सेकंदांनी एक ठिपका, सोबत वेळ, जागा आणि वेग.

चलनावर वेळ आहे दुपारी २ वाजून १७ मिनिटं. त्या मिनिटातले माझे ठिपके ७१, ७३, ७४, ७४, ७२ असे आहेत. कोणी म्हणेल कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे असेल. असू दे. मी आधीचा-नंतरचा अर्धा तास काढला, मग अख्खा दिवस काढला. मालवणातून निघाल्यापासून पुण्यात पोचेपर्यंतचा सगळ्यात जास्त वेग ७९.

अजून एक शंका मीच काढतो, कारण कोर्टात ती निघणारच. दोन ठिपक्यांच्या मधल्या पाच सेकंदांत पळवली असेल तर? करा हिशेब. ७४ वरून ९८ वर जायचं आणि परत ७४ वर यायचं, तेही पाच सेकंदांत, माझ्यासकट सात माणसं, टपावर सामान, एसी चालू. अशी गाडी मला मिळाली तर टॅक्सी सोडून शर्यतीत उतरेन.

ही शंका हवेतली नाही, कारण याच शंकेवर एक पोरगा हरलाय. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पेटालुमा नावाचं गाव आहे. तिथे २००७ साली एका १७ वर्षांच्या मुलाला पोलिसाने रडारवर ताशी ६२ मैल वेगाने पकडलं, मर्यादा ४५ ची. घरच्यांनी पोरावर लक्ष ठेवायला गाडीत जीपीएस बसवलेलं होतं आणि ते सांगत होतं ४५. दोन वर्षांहून जास्त खटला चालला. शेवटी मुलगा हरला, कारण त्याचं यंत्र ३० सेकंदांनी एकदा नोंद करत होतं आणि ३० सेकंदांत वेग वाढवून कमी करता येतो. निकाल पटो न पटो, पण तिथे नोंद उघडून बघितली गेली, तज्ज्ञ बसले, ठिपके मोजले गेले. मला हरायलाही हरकत नाही हो. आधी बघा तरी!

माझी तक्रार मी ॲपवर टाकली. ट्रॅकरची नोंद, गव्हर्नरचं प्रमाणपत्र, नकाशा, सगळं जोडलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: तक्रार नामंजूर. कारणाचा रकाना रिकामा.

चलनावरचा फोटो मात्र मी मोठा करून नीट बघितला. माझ्या उजवीकडे ओव्हरटेक करणारी एक पांढरी गाडी अर्धी दिसतेय. माझा अंदाज आहे की ९८ तिचे असावेत. वेग मोजणारा किरण कुठल्या गाडीवर पडला हे फोटोत दिसत नाही. अंदाज चुकीचा असेल तर यंत्राचा कागद दाखवा, मी गप्प बसतो.

कारण कागद दाखवणं हा उपकार नाही, तो नियम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्येच लिहिलंय की नुसतं एका साक्षीदाराला वाटलं म्हणून वेगाचा गुन्हा सिद्ध होत नाही, त्याला यंत्राच्या मोजमापाचा आधार लागतो. मग यंत्र कसं असावं? ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नवं करायचं. कॅमेरा आहे अशी पाटी रस्त्यावर हवी. फोटो, मोजलेला वेग, वेळ, ठिकाण आणि यंत्र नीट चालत असल्याचं प्रमाणपत्र सोबत हवं. चलन निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवायची. आणि नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवायची.

शिवाय रडारने वेग मोजणाऱ्या यंत्रांसाठी वैधमापनाचे नियम १ जुलै २०२५ पासून लागू झालेत. वापरण्याआधी यंत्राची पडताळणी करून त्यावर शिक्का हवा. बाजारातल्या मासळीवालीच्या काट्यावर शिक्का नसेल तर तिला दंड होतो ना? तोच न्याय हायवेवरच्या काट्याला लावा, एवढंच म्हणतोय. माझ्या चलनावर ना यंत्राचा क्रमांक, ना पडताळणीची तारीख.

त्या १५ दिवसांवर जरा थांबतो, कारण माझं खरं नुकसान तिथे झालं. माझ्या गाडीत डॅशकॅम आहे. समोरचा रस्ता, वेग, वेळ सगळं त्यात येतं. पण मेमरी कार्ड भरलं की जुन्यावर नवं चढतं. माझं कार्ड साधारण बारा-तेरा दिवस टिकतं. कार्ड भरण्याआधी नोटीस आली असती तर त्या पांढऱ्या गाडीचा व्हिडिओ आज माझ्या हातात असता. ४१ व्या दिवशी मेसेज आला तेव्हा त्या जागी तारकर्ली-देवबागच्या फेऱ्या रेकॉर्ड झालेल्या. माझा पुरावा नाहीसा होईपर्यंत थांबून मग मला आरोपी केलं. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच.

चलनं सरसकट चुकू शकतात का? दिल्लीत चुकली होती. २०१९ मध्ये राष्ट्रीय महामार्ग २४ वर पाटी ७० ची होती आणि कॅमेरा ६० धरून चलनं काढत होता. शेवटी पोलिसांना सुमारे दीड लाख चलनं मागे घ्यावी लागली. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात तर २०१२ मध्ये सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला वेगाचा दंड झाला आणि तो खोटा ठरला कॅमेऱ्याच्याच व्हिडिओमुळे. पुढच्या वर्षी ते कॅमेरेच बंद झाले. आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये वाहतूकदार आझाद मैदानात बसले, जुलैत संप झाला. त्यानंतर पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, असे आदेश निघाले. म्हणजे पुराव्यात गडबड आहे हे वरच्यांनाही माहीत आहे.

आम्हा मालवणकरांना तर वेगाच्या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवायला कोणी सांगू नये. राजकोटला ४ डिसेंबर २०२३ ला महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता. पावसाळ्यात इथे राहणाऱ्या माणसाने ते ऐकून काय म्हटलं असेल ते मी लिहीत नाही.

आता दुसरी बाजू. आम्ही काय सगळे धुतल्या तांदळासारखे नाही. मी स्वतः आधी दोन चलनं भरलीत आणि दोन्ही बरोबर होती. मुंबई-गोवा हायवेवर पांढऱ्या पाटीच्या गाड्या कशा जातात ते रोज बघतो. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन बांबोळीला जाताना रस्त्यावर काय काय बघावं लागतं ते इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारा. कॅमेरे हवेत, हजारदा हवेत. आणि ट्रॅकरची नोंद ग्राह्य धरायची तर ती आमच्याविरुद्धही वापरली जाईल, हे मला मान्य आहे. माझ्या नोंदीत ९८ दिसले असते तर ही पोस्ट लिहिली नसती, गुपचूप पैसे भरले असते.

आता ज्यांना लोकअदालतीचे मेसेज आलेत त्यांच्यासाठी. बरेच जण समजतात तिथे आपलं म्हणणं ऐकून निकाल लागेल. तसं नाही. लोकअदालत तडजोडीसाठी असते. खरं-खोटं ती ठरवत नाही. तडजोड केलीत तर त्यावर अपील नाही. तडजोड नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. सवलतीत मिटवायचं तर जरूर मिटवा, पण ते "निर्दोष सुटणं" नाही हे माहीत असू द्या.

आणि कोर्टात नुसता पेन ड्राइव्ह घेऊन जाऊ नका. १ जुलै २०२४ पासून जो नवा साक्ष कायदा आलाय, त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एका भागावर नोंद देणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. ही अट जुनीच आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की असं प्रमाणपत्र लागतंच, आणि ज्याच्याकडे नोंद आहे तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं. ही अट पोलिसांच्या कॅमेऱ्यालाही आहे. माझा वकील पहिला अर्ज तोच देणार आहे: यंत्राचं मंजुरीपत्र, पडताळणीचा दाखला, मूळ नोंद आणि प्रमाणपत्र हजर करा.

माझी मागणी फार नाही. चलनावर यंत्राचा क्रमांक आणि शेवटच्या पडताळणीची तारीख छापा. १५ दिवसांनंतर पाठवलेली नोटीस रद्द धरा. तक्रार फेटाळायची तर दोन ओळी कारण लिहा. आणि ज्या गाडीला तुम्हीच ट्रॅकर लावायला लावलाय, तिच्यावर वेगाचं चलन काढण्याआधी त्या ट्रॅकरची नोंद शेजारी ठेवून बघा. आमच्या आमदार-खासदारांनी यातलं एक जरी सभागृहात विचारलं तरी पुष्कळ. ओसरगावच्या टोलसाठी सगळे पक्ष एका आवाजात बोलले होते, म्हणजे आवाज आहे.

माझा फिटनेस नोव्हेंबरात आहे आणि थकीत चलन आडवं येणार हे दिसतंय. सिझन तोंडावर. घरातून सांगतात भरून मोकळा हो. बघू.

तोवर पिवळ्या पाटीवाल्यांनो, एक काम आजच करा. ट्रॅकर बसवणाऱ्याला फोन लावा आणि विचारा, नोंद किती महिने ठेवतोस, प्रमाणपत्रावर सही देशील का. माझ्याने आधी नाही म्हटलं होतं, दुसऱ्या दिवशी तयार झाला. डॅशकॅमचं कार्ड मोठं घ्या. लांबच्या भाड्यावरून आलात की त्या दिवसाचे व्हिडिओ काढून ठेवा, निदान दोन महिने पुसू नका. ज्यांना असंच उशिरा चलन आलंय त्यांनी जेटीजवळच्या स्टँडवर येऊन भेटा, सकाळी नऊच्या आत. नंतर मी भाड्यावर असतो.