जर्कीला वास येत नाही

मागच्या वर्षी ऑफिसातला एक जण अमेरिकेहून बीफ जर्कीचं पाकीट घेऊन आला. पॅन्ट्रीत ते हातोहात फिरलं. प्रोटीन किती, कार्ब्ज किती, यावर चर्चा झाली. मीही एक तुकडा चघळला आणि दुसऱ्या घासाला चव ओळखली. जरा गोड, जरा धुरकट, पण या तर चान्या! तसं बोललो. मग चान्या म्हणजे काय ते सांगावं लागलं. सांगून झाल्यावर एकाने विचारलं, "पण त्याला वास येत असेल ना?" पाकीट तेव्हा त्याच्याच हातात होतं.

माझं भांडण या प्रश्नाशी आहे.

चान्या म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या, मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवलेल्या. लागतील तशा निखाऱ्यावर भाजायच्या, नाहीतर कालवणात टाकायच्या. आता जर्कीची रीत बघा. चरबी काढा, कारण ती वाळत नाही, खवट होते. पातळ पट्ट्या कापा, मिठात मुरवा. आधी 71 अंश सेल्सिअसपर्यंत गरम करा, मग साठेक अंशांवर वाळवा. पट्टी वाकवल्यावर तडा जावा, तुकडा पडू नये. आधी गरम करण्याची सूचना अमेरिकी कृषी खात्याची आहे आणि ती मी पाळतो, कारण नुसत्या वाळवण्याने सगळे जंतू मरत नाहीत. एवढं सोडलं तर बाकी सगळं आजीला ठाऊक होतं. पुस्तकं सांगतात, 'वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी' 0.85 च्या खाली आणा. आजी पट्टी वाकवून बघायची.

'जर्की' हा शब्दच मुळात दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या 'चार्की'वरून आला. दक्षिण आफ्रिकेत बिल्टाँग आहे. ज्यांच्याकडे मांस आणि मीठ होतं, पण फ्रिज नव्हता, अशा अनेकांनी हेच केलं. मग एकाच्या वाट्याला पाकीट आणि दुसऱ्याच्या वाट्याला वास का?

दुसऱ्या बाजूचे मित्रही कमी नाहीत. त्यांना चान्या एकदम 'दलितांचं सुपरफूड' वाटतात. जरा थांबा. गावचं मेलेलं ढोर ओढायचं आणि त्याचंच मांस घरी न्यायचं, एकदम आलेलं ते मांस टिकवायचं, म्हणून चान्या. त्या दोरीवर भूक वाळत होती. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं ते उगाच नव्हे. आजीच्या घरानेही ते सोडलं. पण आजीने चान्या सोडल्या नाहीत. खाटकाकडून पैसे मोजून मांस आणायची आणि वाळवायची. लादलेलं टाकायचं, हातात असलेली विद्या टाकायची नाही, हा फरक तिला कुणी शिकवावा लागला नाही. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं, तेव्हा कुठे अशा स्वयंपाकघरांना मराठी पुस्तकात हक्काची जागा मिळाली.

मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये चान्या करतो. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून म्हशीचं मांस आणतो, रीतसर दुकानातून. अडचण कायद्याची नाही, खिडकीची आहे. वाळवायला नुसती उष्णता पुरत नाही, हवा खेळती लागते. दमट हवा बाहेर गेलीच पाहिजे. आणि घरमालकाने किल्ली देताना "नॉनव्हेज चालणार नाही" हे दोनदा सांगितलेलं. पहिल्या खेपेला मी खिडकी लावून घेतली, रात्री अकरानंतर ओव्हन सुरू केला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. सकाळी पट्ट्या आतून ओल्या. सगळ्या टाकाव्या लागल्या.

आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आरं, वारं नको व्हय त्याला?"

यंदा खिडकी उघडी ठेवली आहे. घर गेलं तर दुसरं शोधेन. कुणी दार वाजवून "कसला वास?" असं विचारलं, तर जर्की म्हणून सुटका करून घेणार नाही. चान्या म्हणेन.