रकान्याबाहेरचा राखणदार

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतील भटक्या कुत्र्यांविषयी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी त्यात दुरुस्ती केली. त्यावरून सुशिक्षित वर्गात जे रण माजले त्यात कुत्रा दोनच रूपांत वावरत होता. एका पक्षाच्या लेखी तो मुलांचे लचके तोडणारा, तर दुसऱ्याच्या लेखी मांडीवर घेऊन कुरवाळण्याचा. कष्ट करून भाकरी मिळवणाराही एक कुत्रा या देशात आहे, याची आठवण कोणालाच झाली नाही. श्रमाचे मोल हा ज्यांच्या राजकारणाचा पाया त्या आपल्या मंडळींनाही ती होऊ नये याचे मला वाईट वाटले. पण दोष देण्याचा अधिकार मला फारसा नाही. तीस वर्षे मी अर्थशास्त्र शिकवले आणि या कामगाराची ओळख मला निवृत्तीनंतर, तीही माझ्याच चुकीतून झाली.

पुरंदर तालुक्यात आमची तीन एकर जिरायत जमीन आहे. दिवाळीनंतर माण-खटावकडून पश्चिमेला जाणाऱ्या धनगरांचा एक वाडा दरवर्षी तेथे चार-पाच रात्री मेंढ्या बसवतो. लेंडीखताबद्दल पूर्वी धान्य देत, आता बहुधा रोख देतात. त्या वाड्यातील वडीलधाऱ्या गृहस्थांना सगळे तात्या म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्याकडून मी सात आठवड्यांचे एक पिल्लू मागून घेतले. हेतू अर्थातच मध्यमवर्गीय होता : बंगलीला राखण हवी. तात्यांनी ते दिले, पण देताना त्यांचा चेहरा काही खुलला नव्हता.

खंड्याला आम्ही दूध-भाकरी दिली, गोधडी दिली, चेंडूही आणून दिला. चेंडूकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. दिवसभर पेंगायचा आणि अंधार पडला की उठायचा. रात्रभर कुंपणाच्या कडेने फेऱ्या घालायचा आणि भुंकायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली, म्हणून त्याला बांधले. तर त्याने दोर कुरतडला. दहाव्या महिन्यात टपालवाल्याच्या पायाला तोंड घातले. कुत्रा बिघडला असे आमच्या घरी ठरले. पुढल्या दिवाळीत तात्या आले, त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी त्याला खायाला लई घातलं, पर काम कुठं दिलं?"

बेकारीवर मी किती तास घेतले असतील! माझ्या अंगणात एक बेकार कामगार साखळीला बांधलेला होता आणि मी त्याला वाईट वळणाचा ठरवत होतो.

येथे थोडी उकल केली पाहिजे. मेंढ्या वळवणारा कुत्रा वेगळा आणि त्या राखणारा वेगळा. राखणारा कुत्रा मेंढ्यांना हाकत नाही, त्यांच्यातच राहतो. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत तो ज्यांच्या सहवासात वाढतो त्यांना आपले मानू लागतो, म्हणून हे पिल्लू कोकरांच्या वाघरीजवळच वाढवायचे असते. तो लांडग्याशी झुंजतो हे क्वचितच घडते. त्याचे खरे काम आहे जागे राहणे, आडवे उभे राहणे आणि भुंकून येणाऱ्याचा बेत फिसकटवणे. जे भुंकणे माझ्या शेजाऱ्यांना उपद्रव वाटत होते तेच वाड्यावरचे उत्पादक श्रम होते! तात्यांनी खंड्याला परत नेले, तेव्हा सुरुवातीला तो कोकरांमागे धावे. मग गळ्यात लाकडी लोढणे अडकवून महिनाभर म्हाताऱ्या कुत्रीच्या शेजारी ठेवला, तेव्हा कुठे तो सुधारला. सुधारला हा शब्द माझा. तात्यांच्या शब्दांत "कामाला लागला".

ही केवळ आपल्याकडची जुनी रीत नव्हे. अमेरिकेत १९७२ साली सरकारी जमिनींवर हिंस्र प्राण्यांना विष घालण्यास बंदी झाली, तेव्हा तेथील मेंढपाळांना युरोप-तुर्कस्तानातील राखणदार कुत्र्यांची आठवण झाली आणि विद्यापीठांतून त्यांचा अभ्यास सुरू झाला. नामिबियात १९९४ पासून चित्त्यांच्या रक्षणासाठी झटणारी एक संस्था शेतकऱ्यांना तुर्की जातीचे कुत्रे देते. गुरे वाचली की शेतकरी चित्त्यावर बंदूक उचलत नाही, असा तो साधा हिशेब आहे. आपल्या माळरानावरच्या लांडग्याला १९७२ च्या कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले. पण कायद्याच्या कागदाइतकेच त्याला ज्यांनी जगू दिले ते हे मेंढपाळ आणि त्यांचे कुत्रे. दगावलेल्या कोकराकडे बोट दाखवून "त्याचा वाटा त्यानं नेला" असे मी तात्यांच्या तोंडून ऐकले आहे. ही वाणी संताची आहे असे मी म्हणणार नाही. तोटा सोसण्याच्या मर्यादेत राहिला तरच माणूस असे बोलतो, आणि ती मर्यादा कुत्रा राखतो.

खंड्याने वाड्यावर चार वर्षे काम केले. मजुरी रोज तीन भाकऱ्या. रात्रीच्या पहाऱ्याला माणूस ठेवायचा झाला तर काय पडेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. वाचलेल्या मेंढ्यांचे खत माझ्या रानात पडते, म्हणजे माझ्या ज्वारीच्या कणसातही त्याच्या जागरणाचा अंश आहे. बागायती पट्ट्यातून जाताना एका रात्री उसाच्या फडातून आलेल्या बिबट्याने त्याला नेले. मेंढी नेली असती तर ठरलेल्या मुदतीत वर्दी आणि पंचनामा करून भरपाई मागता आली असती. अर्थात पंचनाम्यासाठी खोळंबून राहणे हेच चालत्या वाड्याला परवडत नाही. कुत्र्याचे काय, हे विचारायला मी तात्यांबरोबर एका कार्यालयात गेलो. तेथील कारकून सभ्य होता. त्याने अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "सर, कुत्र्याचा रकाना नाही यात."

त्याच सुमारास, २०२५ च्या मार्चपासून, रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या स्मारकावरून वाद पेटला होता. ते स्मारक असावे की नसावे हा इतिहासकारांचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. मात्र दगडी कुत्र्यासाठी दोन्ही बाजूंनी जेवढी शाई खर्ची पडली, तिचा शतांश जिवंत कुत्र्यांच्या वाट्याला आला असता तर बरे झाले असते.

कारण प्रश्न एकट्या खंड्याचा नाही. गेल्या उन्हाळ्यात तात्यांच्या कुत्रीला पाच पिल्ले झाली, त्यांतली चार डिस्टेंपरने गेली. हा रोग लसीने टळतो. पण लसीचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने द्यायचे असतात आणि वाडा तेवढ्यात दोन तालुके ओलांडतो. जंताचे औषधही वेळेवर मिळत नाही. मेलेल्या मेंढीची कच्ची आतडी-फुप्फुसे कुत्र्याने खाल्ली की त्यातल्या पट्टकृमीचा फेरा सुरू होतो. तो कुत्र्यातून मेंढीत जातो आणि माणसाच्या यकृतातही गाठी करतो. कुत्र्यांकडे ज्यांचे लक्ष नाही त्यांनी निदान लांडग्यांसाठी तरी हे ध्यानात घ्यावे. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांतील काहींत याच डिस्टेंपरचा विषाणू सापडला. माळावर कुत्रा आणि लांडगा एकाच पाणवठ्यावर येतात. शिवाय लांडगा आणि कुत्रा यांचा संकर पुण्याच्या परिसरात झाल्याचे २०२३ साली जनुकीय तपासणीने सिद्ध केले आहे. गावोगावच्या उकिरड्यांवर वाढणाऱ्या कुत्र्यांना आपण आवरत नाही. मग दोषाची बोटे मात्र वाड्याच्या कुत्र्याकडे वळतात.

२०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद घेण्याचे प्रथमच ठरले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने व पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले. या दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण ज्या सरकारी दप्तरात गवताळ माळ 'पडीक' म्हणून लिहिला जातो, त्यात मेंढपाळाच्या कुत्र्याला जागा सहजी मिळेल असे मला वाटत नाही. ती मागावी लागेल. भरपाईच्या नियमांत राखणीच्या कुत्र्याचा स्पष्ट उल्लेख हवा. कोणत्याही तालुक्यात दाखवले तरी चालेल असे लसीकरणाचे एकच कार्ड हवे, आणि दिवाळीनंतर वाडे ज्या वाटांनी उतरतात त्या वाटांवर पशुवैद्यकांनी जायला हवे. माण, फलटण, पुरंदरमधील आपल्या कार्यकर्त्यांनी या हंगामात दोन-चार वाड्यांवर एक रात्र काढली, तर मागणीचा मसुदा लिहायला माझ्यासारख्या प्राध्यापकाची गरज पडणार नाही. जाताना गूळ-शेंगदाणे न्यावेत, आणि कुत्र्यांना हात लावायला जाऊ नये.

पाचांपैकी वाचलेल्या पिल्लाला आम्ही परवा दवाखान्यात नेले. सुई टोचून झाल्यावर कार्ड भरताना तेथील माणसाने पत्ता विचारला. तात्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "लिवा, सध्या मास्तरांच्या रानात." पुढच्या डोसाची तारीख एकवीस दिवसांनंतरची घातली आहे. तोवर वाडा घाट उतरून कोकणात पोचलेला असेल.