हरवलेल्या वस्तू आणि शहरांची जबाबदारी

नांदेडच्या रेल्वेस्थानकावर सचखंड गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंची वर्दळ असते, तर लातूरच्या बसस्थानकावर शिक्षणासाठी खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलामुलींची. घाईत असलेल्या माणसाची वस्तू मागे राहावी, यात नवल नाही. पिशवी, मोबाईल, गुणपत्रिकांची फाईल असे काही ना काही बाकावर किंवा गाडीत विसरले जातेच. प्रश्न विसरण्याचा नाही; सापडलेली वस्तू मालकापर्यंत पोहोचविण्याचा आहे.

यासाठी कायदा नाही असे नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७१ व्या कलमाने, सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकली आहे. मालकाने जाहीर केलेले बक्षीस त्याला दावा लावून मागता येते, असे १६८ वे कलम सांगते. पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाने, बेवारस मालमत्ता ताब्यात घेण्याचे काम पोलिसांकडे सोपविले. जाहीरनामा काढावा, हक्क सांगण्यास मुदत द्यावी आणि कोणी न आल्यास विल्हेवाट लावावी, असा हा क्रम आहे.

मग अडते कोठे? या साऱ्या रचनेत एक गृहीत दडलेले आहे: मालक शोधत येईल. शोधण्याचा खर्च अशा रीतीने हरविणाऱ्यावरच पडतो आणि तो लहान नसतो. नांदेड स्थानक दक्षिण मध्य रेल्वेत, तर लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. रेल्वे सुरक्षा दल वेगळे, लोहमार्ग पोलीस वेगळे, शहर पोलीस वेगळे, एस.टी.चे आगार आणखी निराळे. वस्तू नेमकी कोणाच्या हद्दीत राहिली, हे ज्याला ठाऊक नाही त्याने किती दारे ठोठवावीत? मुखेडच्या मजुराला किंवा औशाच्या विद्यार्थ्याला दोन खेपा म्हणजे प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी. हा खर्च वस्तूच्या किमतीहून अधिक झाला की शहाणा माणूस शोध सोडून देतो. मग सरकारी नोंदीत ती वस्तू ‘बेवारस’ ठरते. प्रत्यक्षात तिचा वारस असतो. त्याला फक्त येणे परवडत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत ही विसंगती अधिकच तीव्र होते. जातीचा दाखला किंवा गुणपत्रिका बाजारात रद्दीच्या भावाचीही नाही. परंतु प्रवेशाच्या दिवसांत तीच हाती नसेल तर मुलाचे वर्ष पणाला लागते. येथे किंमत आणि मूल्य यांची फारकत होते, आणि लिलावाच्या हिशेबात मूल्याला जागा नसते.

जपानमध्ये नागरिक सापडलेली वस्तू जवळच्या पोलीस चौकीत देतो. मालकाकडून त्याला वस्तूच्या किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदला मागता येतो आणि तीन महिन्यांत मालक न आल्यास वस्तूवर त्याचा हक्क निर्माण होऊ शकतो. म्हणजे तेथे भिस्त केवळ सचोटीवर नाही. सचोटी सोपी व्हावी अशी व्यवस्थाही आहे. आपल्याकडेही रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘ऑपरेशन अमानत’मध्ये सापडलेल्या सामानाची माहिती छायाचित्रासह संकेतस्थळावर देण्याची पद्धत सुरू झाली आहे. तिला शहराच्या इतर दारांशी जोडणे एवढेच उरते.

दोन्ही शहरांच्या महानगरपालिकांनी पोलीस, एस.टी. आणि रेल्वे यांच्याशी मिळून एकच नोंदवही ठेवावी. ती बसस्थानकावर आणि संकेतस्थळावर पाहता यावी. मात्र खरा मालक ओळखता यावा म्हणून वस्तूची एखादी खूण गुप्त ठेवावी. ज्या कागदावर पत्ता आहे तो कपाटात न ठेवता टपालाने पाठवावा. बेवारस पिशवीला हात न लावण्याची सूचना सुरक्षेसाठी योग्यच आहे. पण ती सांगायची कोणाला, तो माणूस आणि ती खिडकी प्रवाशाला समोर दिसली पाहिजे.

यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. आज जो खर्च गरीब प्रवासी एकेकटा सोसतो, तो संस्थांनी एकत्र उचलला तर फार थोडक्यात भागेल. रस्ते आणि दिवे यांवरून शहराची श्रीमंती कळते. परक्या गावच्या माणसाची विसरलेली फाईल ते किती दिवसांत परत करते, यावरून त्याची नागरी पात्रता कळेल.