फवाऱ्याची मुदत रुग्णाला कोण सांगणार?

माननीय औषध नियंत्रण अधिकारी यांस,

कॅल्सिटोनिनच्या नाकातील फवाऱ्याविषयीचे अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठविल्याचे आपल्या कार्यालयाने कळविले आहे. ते कोणत्या टेबलावर विसावले, हे मात्र कळविलेले नाही.

कॅल्सिटोनिन हे हाड विरघळविणाऱ्या पेशींना आवर घालणारे संप्रेरक मानवी शरीरात थायरॉइड ग्रंथीत तयार होते, आणि औषधात त्याचे सामन माशातील रूप वापरले जाते. ऑस्टिओपोरोसिसवर, म्हणजे हाडे आतून विरळ होऊन ठिसूळ होण्यावर, त्याचा लाभ मुळातच तोकडा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या १,२५५ स्त्रियांच्या पाच वर्षांच्या चाचणीत रोज २०० एककांच्या मात्रेने मणक्यांचे नवे अस्थिभंग ३३ टक्क्यांनी घटले. पण १०० आणि ४०० एककांनी लक्षणीय फरक पडला नाही (दुप्पट मात्रेत गुण नाहीसा व्हावा, हे नवलच), शिवाय निम्म्याहून अधिक सहभागी मध्येच गळाल्या.

धोक्याचे आकडे त्याहून बोलके आहेत. दीर्घकाळ वापरात कर्करोगाचे प्रमाण ०.७ ते २.४ टक्क्यांनी वाढते आणि फवाऱ्याच्या चाचण्यांत ही वाढ सर्वाधिक दिसते, असा निष्कर्ष युरोपीय औषध संस्थेने २०१२ मध्ये काढला आणि फवारा मागे घेण्याची शिफारस केली. इंजेक्शन उरले ते मुदतीच्या चौकटीत: पॅजेटच्या आजारात, म्हणजे हाडांची झीज-भर बिघडून ती वेडीवाकडी वाढण्यात, अन्य उपाय चालत नसतील तर सामान्यतः तीन महिने, आणि एकाएकी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना फार तर चार आठवडे. अमेरिकेत २०१३ मध्ये सल्लागारांनी १२ विरुद्ध ९ मतांनी ऑस्टिओपोरोसिससाठीच्या विक्रीविरुद्ध कौल दिला. तेथे औषध टिकले, पण २१ चाचण्यांतील ४.१ विरुद्ध २.९ टक्के हा कर्करोगाचा फरक माहितीपत्रकात छापूनच.

येथे हे औषध वापरणाऱ्या वृद्धेच्या हाती मुंगीच्या अक्षरांतील इंग्रजी कागद पडतो. नाकपुडी रोज बदलायची, बंद बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची, उघडलेली बाहेर उभी ठेवून साधारण महिन्याभरात टाकून द्यायची, हेही तिला उमगत नाही. मग कर्करोगाचा फरक कोठून उमगणार? आपल्या कार्यालयाला इंग्रजी वाचता येते, तेव्हा अज्ञानाची सबब आपणास उपलब्ध नाही.

सबब फवाऱ्याच्या परवान्याचा फेरविचार करावा, तोवर वापराची कमाल मुदत व कर्करोगाचा इशारा मराठीतून वेष्टनावर ठळक छापण्याचा आदेश काढावा, आणि दोन्ही नाकारायचे असल्यास नकाराची कारणे स्वाक्षरीनिशी लेखी द्यावीत.