भीती नव्हे, माहिती द्या



नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी डॉक्टरांचे आरोग्यविषयक व्याख्यान ठेवण्याचा शाळेचा विचार आहे. त्यात एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांविषयीही बोलले जाईल, हे कळल्यावर काही पालक भेटून गेले. कुणी म्हणाले, "सर, नको ते डोक्यात भरेल." कुणी म्हणाले, "सांगायचेच असेल तर चांगली भीती घाला." मला हा दुसरा सल्ला पहिल्या शंकेपेक्षा जास्त घातक वाटतो.

भीती घालून आपण पाहिले आहे. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले एचआयव्ही संसर्ग शोधून काढले. त्यानंतर कित्येक वर्षे भिंतींवर कवट्या रंगल्या. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे 'जानकारी ही बचाव है' हे घोषवाक्य चांगले लक्षात आहे. वाक्य उत्तमच. पण शेजारी कवटी काढली की बघणाऱ्याच्या मनात कवटीच राहते, जानकारी नाही. घाबरलेला माणूस तपासणीला जात नाही. हा रोग वाईट लोकांचा, मी सभ्य घरातला, अशी स्वतःची समजूत घालतो आणि ज्याला रोग झाला त्याला दूर लोटतो. २००३ साली केरळात एचआयव्ही असलेल्या दोन लहान भावंडांना शाळेत बसू देण्यास इतर पालकांनी विरोध केला होता. सुशिक्षित राज्य, तरी ही गत!

याउलट, २००२ च्या अखेरीस मुंबईत लागलेले बलबीर पाशाचे फलक आठवा. बलबीर पाशाला एड्स होईल का, एवढाच प्रश्न त्यांवर होता. हा कोण, म्हणून लोकलमध्ये, पानाच्या टपरीवर चर्चा सुरू झाली. मग पुढच्या फलकांनी एकेक गैरसमज उघडा केला: दारूच्या नशेत निरोध विसरणे, एकाच बाईकडे जातो म्हणून निर्धास्त राहणे, दिसायला धडधाकट माणसाला रोग नसतोच असे मानणे. त्यातल्या मंजुळा या पात्रामुळे दोष बाईच्या माथी जातो, असा आक्षेप आला, आणि तो मला पटतो. तरीही लोक बोलू लागले, विचारू लागले. कवटीने हे कधी साधले नव्हते.

मराठी माणसाला तर हे नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. इतकी परंपरा असूनही २००७ साली महाराष्ट्राने आणि आपल्या गुजरातनेही किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम शाळांबाहेर ठेवला. चित्रांवर आक्षेप होता. चित्रे बदलता आली असती.

'नको ते डोक्यात भरेल' या शंकेबद्दल एवढेच, की युनेस्कोने २०१८ साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. अशा शिक्षणामुळे मुले लवकर त्या वाटेला लागतात, असे त्यात आढळले नाही.

आपण महामार्गावर राहतो. कामरेज चार रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जातात. हिऱ्याच्या आणि लूमच्या कामासाठी घर सोडून आलेले हजारो तरुण सुरतेत राहतात, आणि दोन-चार वर्षांत आपली मुलेही याच शहरात नोकरीला लागतील. एचआयव्हीची औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला तर जोडीदाराला संसर्ग होत नाही, एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही, २०१७ च्या कायद्याने शाळेत भेदभाव करण्यास मनाई आहे, १०९७ या क्रमांकावर मोफत विचारता येते, हे त्यांना कुणी सांगायचे? मोबाईलने? मोबाईल बरेच काही सांगतो, पण हे नाही.

व्याख्यान मुलांचे व मुलींचे वेगळे होईल. मुलींसाठी महिला डॉक्टर असतील. आधी पालकांची सभा घेऊन दाखवायची सर्व चित्रे तिथे मांडू, ज्यांना जे खटकेल ते त्यांनी तिथेच सांगावे. संमतिपत्रक या अंकासोबत जोडले आहे. नकार असल्यास तोही लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावा. त्या मुलाला त्या तासाला वाचनालयात बसवू, त्याला कुणी कारण विचारणार नाही.