बांधावरच्या गप्पा : कुलपातली पेटी



मागच्या पंधरवड्यात कांद्याच्या पाहणीसाठी शनिशिंगणापूरला गेलो होतो. प्लॉट बघून झाला, चहा झाला. मी करप्यावर बोलायला सुरुवात करणार, तोच घरधनी म्हणाले, "साहेब, कांद्याचं नंतर बघू. आधी पोराचं काय करू ते सांगा."

पोरगं अकरावीत आहे. भजनी मंडळात पेटीला बसतं, आणि जुन्या अभंगांना स्वतःच्या चाली लावतं. रात्री बारापर्यंत सूर, सकाळी पाण्याची पाळी चुकलेली. बापानं वैतागून पेटी उचलली. आता शिंगणापुरात पिढ्यान्‌पिढ्या घरांना दारं नाहीत, कुलूप लावायची रीत नाही. मग पेटी नेली कुठं? सोनईला, मेव्हण्याच्या घरी. तिथं ती कुलपात आहे.

मला हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. कारण माझ्या थोरल्यानं बासरी धरली होती, तेव्हा तीच गत मी केली होती. आज तो चांगल्या नोकरीत आहे. घरी आला की पीकपाण्याचं विचारतो, जेवतो आणि जातो. बासरीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

तेव्हा त्या घरधन्यांना जी गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो.

कुरुंदवाड हे कृष्णाकाठचं गाव. तिथं 18 ऑगस्ट 1872 रोजी एका कीर्तनकाराच्या घरी मुलगा जन्मला, विष्णू दिगंबर पलुस्कर. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू तोंडाजवळ उडाली आणि डोळे अधू झाले. शाळा संपली. आता या पोराचं पुढं काय, हा प्रश्न त्या बापालाही पडलाच असेल. गळा गोड होता, म्हणून त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे धाडलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती याच बुवांनी. त्यांच्याकडे बरीच वर्षं पहाटेपासून मेहनत केली, तेव्हा कुठं गळा तयार झाला.

सांगतात की, मिरजेत एका समारंभाचं बोलावणं विष्णुबुवांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. का, तर ते पडले गवई! ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. विद्या एवढी मोठी आणि ती धरणाऱ्याला पंगतीत पाट नाही. 1896 साली त्यांनी मिरज सोडली. दरबारात आश्रय धरण्याऐवजी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गाणं केलं. फिरत फिरत लाहोरला पोचले आणि 5 मे 1901 रोजी तिथं गांधर्व महाविद्यालय काढलं.

त्या काळी गाणं घराण्याच्या कुलपात असे. गुरूची मर्जी असेल तर चीज मिळायची, नाहीतर वर्षानुवर्षं नुसतं पाणी भरायचं. बुवांनी वर्ग काढले, फी ठरवली, सूर कागदावर लिहायची पद्धत बसवली, क्रमिक पुस्तकं छापली. पहिले काही दिवस विद्यार्थीच येईनात, तरी बुवा वेळेवर जाऊन तंबोरा लावून बसत, असं सांगतात. नवं वाण आणलं की पहिल्या वर्षी कुणी घेत नाही, हा आमच्या खात्याचाही अनुभव आहे.

ते चाली बांधणारेही होते. रामधुनीची जी चाल पुढं देशभर गेली, ती त्यांची मानली जाते. दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चाललेले नारायण मोरेश्वर खरे हे त्यांचेच शिष्य.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साहेब गोडगोडच बोलतात. 1908 साली त्यांनी मुंबईत शाळा नेली, कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फिटेना, शेवटी इमारत गेली. लिलाव म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. बुवा नाशिकला येऊन राहिले आणि रामनामात रमले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत गेले.

इमारत गेली, पण शिकवलेली माणसं उरली होती. त्यांतले विनायकबुवा पटवर्धन यांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. आणि त्या विनायकबुवांकडे कोण शिकलं? आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यात 1918 साली जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. सिनेमा कंपनीत पेटी वाजवता वाजवता ते संगीतकार झाले. 1951 सालचा 'अलबेला' त्यांचा. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लताबाईंनी शहीद जवानांसाठी जे गाणं गायलं, त्याची चालही त्यांचीच.

घरधनी म्हणाले, "ते खरं हो साहेब, पण पोट?"

प्रश्न रास्त आहे. मोसंबीची बाग लावली की पहिली चार-पाच वर्षं फळ नसतं, म्हणून कुणी झाडं उपटत नाही. मध्ये आंतरपीक घेतो. गाण्याचंही तसंच करावं. बारावी आणि पुढचं शिक्षण सोडू द्यायचं नाही. पहाटे तासभर रियाज, मग पाण्याची पाळी, मग कॉलेज. रात्री बाराची पेटी बंद. आठवड्यातून एकदा तालुक्याला जाणकार गुरूकडे जावं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदच्या दोन. सात पायऱ्या झाल्या. त्या चढता चढता गावातल्या पोरांना सरगम शिकवावी. शिकवताना आपलंच कच्चं कळतं, हे मी तीस वर्षं बांधावर उभं राहून शिकलोय. सगळेच सी. रामचंद्र होत नाहीत. पण चार गावांना एक चांगला संगीत मास्तर लागतोच.

घरधनी काही बोलले नाहीत. निघताना मात्र पोराला म्हणाले, "रविवारी सोनईला जाऊ. मोटरसायकलीवर मागं पेटी धरून बसशील ना?"

त्या रात्री मी थोरल्याला फोन केला. बासरी कपाटात आहे, तेवढं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "येतो या महिन्यात."

तुमच्या घरात असं काही कुलपात पडलं असेल, तर एकदा बघा. करप्याचं पुढच्या आठवड्यात सविस्तर सांगतो, तोवर कांद्याला पाणी बेतानं द्या.