झाडं लावून झाली, आता पाण्याची वाटणी करू या

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांना, शेतमजुरांना आणि डोक्यावर घागर वाहणाऱ्या प्रत्येक बाईला हात जोडून विनंती आहे: येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला घरी बसू नका.

घाई कशाची, ते सांगतो. ऑक्टोबरात पूर्वहंगामी उसाची लागण सुरू होते. एकदा बेणं जमिनीत गेलं की पुढच्या सव्वा वर्षाचं पाणी तिथंच ठरून जातं, आणि ते कुणी गावाला विचारून ठरवत नाही. आत्ता विहिरी भरल्यात म्हणून सगळे गप्प आहेत. मार्चात टँकरचा प्रस्ताव तहसीलला जाईल, विहिरी अधिग्रहणाला लागतील, तेव्हा बोलून काय उपयोग?

पर्यावरणाच्या नावानं आपण आजवर काय केलं ते आठवा. 1 जुलै 2016 ला राज्यानं एका दिवसात 2 कोटी झाडं लावायचा संकल्प केला. 2019 पर्यंत आकडा 33 कोटींवर गेला. खड्ड्याशेजारी उभं राहून मीही फोटो काढून घेतला आहे. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, झाडं हवीतच. पण या सगळ्या कार्यक्रमांत कुणाला काही सोडावं लागलं नाही. भिंतीवर घोषणा लिहिल्या, पोरांना नळ बंद करायला शिकवलं. जलयुक्त शिवार योजनेवर 9 हजार 600 कोटींहून जास्त खर्च झाला आणि भूजल वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असं महालेखापरीक्षकांच्या (कॅग) 2020 च्या अहवालात आलं. नाला खोल केला, पाणी अडवलं, जिरवलंही. जिरलेलं पाणी कुणी किती उपसायचं, यावर मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. तिथंच सगळं वाहून गेलं.

उलट हिरवं म्हणून जे आलं त्यानं उपसा वाढवला. उसापासूनचं इथेनॉल स्वच्छ इंधन झालं, म्हणजे दुष्काळी मुलखात उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. सौरपंप चांगलाच आहे, पण त्याला ना बिल ना भारनियमन. बोअर आटेपर्यंत दिवसभर थांबायचं कारण उरत नाही. ठिबकनं वाचलेलं पाणी पलीकडच्या दोन एकर उसाला जाताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

12 एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर होतं. जगभर बातमी झाली. एक किलो साखरेमागे उसाला साधारण 2 हजार लिटर पाणी लागतं. हिशेब करा: ती अख्खी गाडी म्हणजे अडीच क्विंटल साखर. पन्नास किलोची पाच पोती.

मी ऊसवाल्या शेतकऱ्याला दोष देत नाही. सोयाबीनला 2024-25 मध्ये 4 हजार 892 रुपये हमीभाव होता आणि बाजारात माल त्याखाली गेला. उसाला निदान कारखाना आहे, कायद्यानं ठरलेला दर आहे. माणूस खात्रीच्या मागे जातो. म्हणून 2019 साली विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस केली तरी ती कागदावरच राहिली. तूर, ज्वारी, करडईला खात्रीचा भाव दिल्याशिवाय बंदी म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय. सरकारकडे ही मागणी एका आवाजात करायची आहे.

पण मूळ गाठ वेगळी आहे. ज्याची जमीन त्याच्या खालचं पाणी त्याचं, ही समजूत इंग्रजांच्या 1882 च्या कायद्यापासून आपल्यात मुरली आहे. आपला दगड बेसाल्टचा. पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत, दर पावसाळ्यात भरणारं. एकानं सहाशे फूट बोअर मारला की शेजारच्या अल्पभूधारकाची चाळीस फुटांची विहीर तळ दाखवते. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचा तर या हिशेबात नंबरच नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. गावात बोअरची गाडी येते तेव्हा हे तिला कोण सांगतं?

हे बदलून दाखवलेली माणसं आपल्याच राज्यात आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजलं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. झाडं तिथंही लावली, पण आधी उपशाला लगाम घातला.

आपल्या तालुक्याला हे जड का जावं? आपल्याच उजेड गावानं यात्रा भरवली ती महात्मा गांधींच्या नावानं, आणि ती अजून भरते. गावानं ठरवलं तर यात्रेचं दैवतही गाव ठरवतं, मग पाण्याचा नियम का नाही ठरवणार?

तेव्हा 2 ऑक्टोबरला हे ठराव मांडू या. गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडल्याशिवाय नवी ऊसलागण नाही. दोनशे फुटांखाली बोअर नाही. पहिला वाटा प्यायला आणि जनावरांना, उरलेला माणशी, त्यात भूमिहीनांचाही हक्क. उभा ऊस कुणी उपटायला सांगत नाही, तो तुटू द्या. वाद होतील, भावकीत कटुता येईल. ती येऊन मिटलेली बरी, कारण कोरडी विहीर सगळ्या भावकीची असते.

गणपूर्तीला 15 टक्के किंवा शंभर मतदार लागतात. तेवढेही येत नाहीत म्हणून सभा तहकूब होतात, हे आपलंच पाप. ग्रामसभेआधी महिलांची सभा कायद्यानंच घ्यावी लागते. आयाबायांनो, ती फक्त सह्यांपुरती होऊ देऊ नका. नगरपंचायतीत राहणाऱ्या पण खेड्यात शेती असलेल्यांनीही गावच्या पाण्याच्या नियमाला मान द्यावा.

येताना एक काम करून या. दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीचं पाणी मोजा, आणि आकडा कागदावर लिहून सभेत आणा.